पहिल्या दोन-तीन नोकऱ्या बदलताना

राजीनामा लिहिण्याआधी दोन आठवडे एक वही ठेव. रोज संध्याकाळी तीनच ओळी: कुठल्या कामात वेळ कसा गेला ते कळलं नाही, कुठलं काम उद्यावर ढकललं, कुणाशी खटके उडाले. दहाएक नोंदी झाल्या की त्रास कामाचा आहे, साहेबाचा आहे की नुसत्या येण्याजाण्याचा, हे वेगळं दिसायला लागतं. बहुतेक जण इथेच फसतात. साहेबाला कंटाळून क्षेत्रच बदलतात आणि पुन्हा शिकाऊ होऊन बसतात.

क्षेत्र आणि कामाचं स्वरूप, दोन्ही एकदम बदलू नकोस. हिशेब येत असेल तर हिशेबच, पण वेगळ्या धंद्यात. किंवा त्याच धंद्यात हिशेबाकडून विक्रीकडे. अर्धा अनुभव तरी सोबत येतो, पगारही फारसा घसरत नाही.

नवं नेमणूकपत्र हातात येईपर्यंत राजीनामा नाही. तोंडी ‘झालंच समजा’ याला काडीची किंमत नसते. पत्रात पगार, रुजू होण्याची तारीख, प्रोबेशन (कायम करण्याआधीचा पारखण्याचा काळ) आणि नोटिशीची मुदत नीट वाच. जुन्या ठिकाणचा अनुभवाचा दाखला आणि पगारपत्रकं निघण्यापूर्वीच घे, नंतर खेटे घालावे लागतात. गाठीशी तीन महिन्यांचा खर्च असलेला बरा.

‘आधीची नोकरी का सोडली?’ हे विचारणारच. दोन वाक्यांत सांग: तिथे काय शिकलास, आता काय करायचंय. गाऱ्हाणी नकोत. आणि अर्जात सगळ्या नोकऱ्या मागितल्या असतील तर चार महिन्यांचीही गाळू नकोस. पडताळणीत ती सापडू शकते.