बेस गिटारच्या घासलेल्या जागेला तेल देताना

भाऊ, हात टेकतो तिथलं लाकूड पांढुरकं पडलं म्हणून अख्खा बेस घासायच्या भानगडीत पडू नको. तेलाच्या फिनिशचा फायदाच हा, की तेवढीच जागा सुधारता येते.

पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या चुंबकाच्या पट्टीवर, मास्किंग टेप लाव. घामाचा थर मिनरल टर्पेंटाइनने पूस, वाळलं की ३२० आणि मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर, लाकडाच्या रेषेनेच. स्टील वूल नको, त्याचा चुरा पिकअपच्या चुंबकाला चिकटतो.

आता तेल. आपल्याकडे जवस होते, म्हणून घाण्यावरचं तेल आणशील. पण ते वाळता वाळत नाही, चिकट राहतं. हार्डवेअरवाल्याकडे डबल बॉइल्ड लिनसीड माग, जवसाचंच तेल, पण लवकर वाळणारं. चिंधीने अगदी पातळ लाव, १०-१५ मिनिटांनी वरचं सगळं पुसून घे. बोटाला ओलं लागलं म्हणजे अजून पुसायचं आहे. दुसरा हात किमान एक दिवसाने. तीन-चार हातांत काम होतं. रंग आजूबाजूपेक्षा थोडा वेगळा दिसेल, दिसू दे.

चिंधीचा बोळा करून मात्र फेकू नको, आपोआप पेटू शकतो. घरात कापूस भरलेला असेल तर बोलायलाच नको! अंगणात मोकळी पसरून वाळव.