मोहीम युरोपची, चावी कोणाकडे?

प्रश्न : युरोपीय संघाच्या परराष्ट्र व संरक्षण धोरणावर युरोपीय संसदेचा अंकुश नाही, असं स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये आहे. मग खर्च मंजूर कोण करतं?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नोट्स अर्धवट आहेत. निर्णय २७ सरकारं घेतात, बहुतेक एकमताने; संसदेला नकाराधिकार नाही. युरोपीय संघाच्या मूळ करारातल्या कलम ३६ नुसार ती प्रश्न विचारते, शिफारशी करते, वर्षातून दोनदा चर्चा घेते. खरी मेख पैशात आहे. मुलकी मोहिमांचा खर्च संघाच्या अर्थसंकल्पातून होतो, तिथे संसदेची मंजुरी लागते. लष्करी खर्च कलम ४१ ने बाहेर ठेवलाय. २०२१ पासूनच्या शांतता निधीत सदस्य देशच पैसे भरतात. तिथे जाब विचारायचा तो राष्ट्रीय संसदांनी, आणि त्यांची ताकद सारखी नाही. जर्मनीत सशस्त्र सैन्य परदेशी पाठवायला बुंडेस्टागची (तिथल्या संसदेची) संमती लागते.

युरोपीय संसदेच्या माहिती मिळण्याच्या हक्काला मात्र कमी लेखू नका. संघाच्या मोहिमेत पकडलेले समुद्री चाचे मॉरिशसच्या हवाली करण्याच्या कराराची माहिती संसदेला ताबडतोब दिली नाही, म्हणून २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो करार मान्य करणारा सदस्य देशांच्या मंत्री परिषदेचा निर्णय रद्द केला. परिणाम तेवढे कायम ठेवले, नाहीतर चाच्यांचे खटलेच अडकले असते.