.२४३ आणि .३०८ आहेत, एल्कसाठी (मोठ्या जातीचं हरीण) पुढची रायफल कोणत्या कॅलिबरची (नळीच्या व्यासाची) घ्यावी?

कोलोरॅडोत हरणांना .२४३ आणि एल्कला .३०८ विंचेस्टर हाताशी असताना .३०-०६ घेऊन फारसं नवं काही पदरात पडणार नाही. १९०६ चं ते काडतूस मला फार आवडतं, पण .३०८ त्याच व्यासाची गोळी जरा कमी वेगाने मारते, फरक तेवढाच. ६.५ क्रीडमूर हे काडतूस तुमच्या दोन्हींच्या मधलं, आणि तिथे तशी काही उणीव नाही.

मी ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम घेईन. १९६२ पासून बाजारात आहे, त्यामुळे काडतुसांसाठी वणवण नाही. १६० ग्रेन (साधारण १० ग्रॅम) वजनाची लांबट गोळी वाऱ्यात कमी भरकटते. उघड्या डोंगरउतारावर ३०० यार्डांपुढे तेच कामी येतं. .३०० विंचेस्टर मॅग्नम आणखी दणकट, पण खांदाही तसाच शेकतो. दणक्याच्या धास्तीने ट्रिगर दाबताना डोळे मिटले की कॅलिबर कुठलंही असो, गोळी भलतीकडेच जाते!

अलास्कातलं तपकिरी अस्वल डोक्यात असेल तर मात्र सरळ .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) हे जड काडतूस. फक्त तिथे बाहेरच्या राज्यातल्या शिकाऱ्याला सहसा परवानाधारक गाइड घ्यावा लागतो, आणि त्याची फी रायफलीच्या कैक पट असते.