घर आणि बाग सांभाळून चित्रं काढायला सलग वेळ कसा मिळवता?

सलग वेळ मलाही मिळत नाही. मी नागपुरात राहते, जलरंगात काम करते, घरचा स्वयंपाक आणि गच्चीवरच्या कुंड्या माझ्याकडेच आहेत. तुम्ही म्हणता की तासभर मोकळा मिळाल्याशिवाय ब्रश हातात घ्यावासा वाटत नाही. माझं मत आहे की त्या तासाची वाट पाहणं सोडून द्यावं.

आमच्याकडे दिवस उन्हाच्या हिशेबाने चालतो. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की झाडांना पाणी उजाडतानाच घालावं लागतं आणि मोठे वॉशही, म्हणजे भरपूर पाण्यात पातळ केलेल्या रंगाचे पसरट थरही, तेव्हाच उरकावे लागतात. नंतर हवा इतकी कोरडी होते की आकाशाचा रंग कागदाच्या दुसऱ्या टोकाला नेईपर्यंत पहिल्या टोकाला कडा धरते. म्हणून मी जाड कागद दोन्ही बाजूंनी भिजवून काचेवर बसवते आणि कूलरचा झोत टेबलावर येऊ देत नाही. दुपारी फक्त पेन्सिल.

जुलैत सगळं उलटं होतं. दमट हवेत एक थर वाळेपर्यंत कुकर होतो, भाजी निवडून होते, सांबारही, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, चिरून होतो. त्यामुळे पावसाळ्यात मी मुद्दाम थरांवर थर देण्याची चित्रं घेते. रंग वाळायला लागणारा वेळ घरकामाला, आणि कणिक मुरेपर्यंतचा वेळ पुढच्या थराला. टेबल मात्र आवरत नाही. रंग, पाणी, कागद मांडलेलेच राहू द्या. आवरण्या-मांडण्यातच अर्धा जीव जातो.

बागेमुळे चित्राचा वेळ जातो असं मला कधीच वाटलं नाही. जास्वंदीचं फूल बहुधा एकाच दिवसाचं. ते काढायचं तर कामं बाजूला ठेवून तेव्हाच बसावं लागतं, आणि बसलं की दिसतं: पाकळ्या एकमेकींवर कशा चढल्यात, मधल्या दांड्याच्या टोकाला पाच ठिपके कसे आहेत, खाली सांडलेल्या परागांनी लाल रंग कुठे पिवळसर झालाय. फाल्गुनात रस्त्याकडेचा पळस पाहा. त्याचा केशरी रंग उठून दिसतो तो कळीच्या मखमली, काळपट देठामुळे. तो काळा नीट लागला नाही, तर नुसता केशरी फिका पडतो. हे मला कुठल्याही वर्गापेक्षा झाडाने नीट शिकवलं.

एक काळजी घ्या. ब्रश धुतलेलं पाणी कुंडीत ओतू नका, मिरची-पुदिन्याच्या तर नाहीच. काही रंगांत कॅडमियम, कोबाल्ट असतं. आणि रंगाचा मग स्वयंपाकाच्या भांड्यांपासून वेगळा ठेवा, घरात लहान मूल असेल तर उंचावर.

सुरुवात पोस्टकार्डाएवढ्या कागदावर करा. तेवढा वॉश दूध तापेपर्यंत होतो.