नववीच्या गणितावर परसबागेच्या खर्चाचा अंदाज काढता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीला घरामागे अर्ध्या गुंठ्याची तिरकी जागा आहे, तिथली बाग नव्याने करायची आहे. ठेकेदाराने 52,000 रुपये उक्ते सांगितले. ते जास्त आहेत की बरोबर, आणि मुलगी नववीत आहे तर तिच्या गणितावर हा अंदाज घरीच काढता येईल का?

येईल. मी बेळगावात एका बांधकाम ठेकेदाराकडे अठरा वर्षं इस्टिमेट करते. गेल्या मे महिन्यात अनगोळच्या आमच्या घराचं परडं आम्ही नव्याने केलं, तेव्हा सगळी मापं आणि आकडेमोड नववीतल्या माझ्या भाचीने केली. मी फक्त तपासली. 52,000 जास्त की कमी हे मात्र आत्ता कोणीच सांगू शकणार नाही, कारण तुम्ही लांबी-रुंदी लिहिलीत, जाडी लिहिली नाहीत. माती किती इंच, मुरूम किती इंच, खत किती इंच? बागेचा पैसा तिथे जातो. लांबी-रुंदी डोळ्यांना दिसते म्हणून आपण तिच्यावरच घासाघीस करतो, आणि जाडी ठेकेदाराच्या मनात राहते.

आधी जागेचं माप. आमचं परडं चौकोनी, पण एकही कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. घराच्या भिंतीची बाजू 28 फूट, उजवीकडचं कुंपण 26, मागची बाजू साडेचोवीस, डावीकडची 18. आमच्याकडचे बरेच गवंडी समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणतात. तसं केलं तर सव्वासव्वीस गुणिले 22, म्हणजे 577.5 चौरस फूट येतात. हा हिशेब जागा खरोखर काटकोनी असेल तरच बरोबर येतो, नाहीतर नेहमी जास्तच येतो, कमी कधीच येत नाही. आणि जास्त आलेल्या प्रत्येक फुटाची माती, फरशी, मजुरी आपण भरतो.

म्हणून चार बाजू पुरत नाहीत, एक कर्ण मोजावाच लागतो. भाचीने नारळाच्या बुंध्याजवळच्या कोपऱ्यात खिळा ठोकून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणली. बरोबर 30 फूट भरली. आता चौकोनाचे दोन त्रिकोण झाले आणि दोन्हींच्या तिन्ही बाजू माहीत. "मावशी, हे हेरॉनचंच की!" म्हणून तिने तिथेच पायरीवर बसून, तीन बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढायच्या हेरॉनच्या सूत्राने, वहीत केलं. पहिल्या त्रिकोणाच्या बाजू 28, 26 आणि 30. बेरजेचं निम्मं 42. मग 42 गुणिले 14 गुणिले 16 गुणिले 12, आणि त्याचं वर्गमूळ नेमकं 336. दुसरा त्रिकोण 30, साडेचोवीस आणि 18 चा, त्याचे 220. मिळून 556 चौरस फूट. सरासरीच्या हिशेबापेक्षा 21 कमी.

मुलीला हे आलेखाच्या कागदावरही काढायला सांगा, 1 सेंटिमीटरला 2 फूट धरून. भिंत 14 सेंटिमीटरची आखायची, कंपासमध्ये बाजू आणि कर्ण घेऊन दोन कंस मारायचे, कंस छेदतील तो कोपरा. चौकोन मोजून क्षेत्रफळ पुन्हा पडताळता येतं. आमचं तसं मोजून 550 च्या पुढे-मागे येत होतं, तेव्हा माझी खात्री पटली. पुढच्या सगळ्या चर्चा याच कागदावर झाल्या. वाफा इकडे की तिकडे, हे कागदावर खोडरबराने हलतं. एकदा माती पडली की फावड्याने हलवावं लागतं आणि त्याची मजुरी पडते.

556 मधून धुण्याचा दगड आणि कढीपत्त्याचे 40 चौरस फूट तसेच ठेवले. वाट 3 फूट रुंद आणि 24 फूट लांब, म्हणजे 72. नारळाभोवती 3 फूट त्रिज्येचं आळं, म्हणजे 28. भाजीचे तीन वाफे, प्रत्येकी 4 बाय 10, म्हणजे 120. उरले 296, ती मोकळी जागा फुलझाडांना आणि हिरवळीला.

वाफे तीन कशाला, 12 बाय 10 चा एकच करा, असं आमच्या गवंड्याचं म्हणणं होतं, आणि विटांच्या दृष्टीने ते खरं आहे. एकाच वाफ्याची परिमिती 44 फूट, तीन वाफ्यांची 84. विट 9 इंचांची, म्हणून 44 ला 59 विटा लागतात आणि 84 ला 112. पण दोन्ही बाजूंनी बसून हात दोन-दोन फूटच पोचतो. 12 फुटांच्या वाफ्यात भेंडी तोडायला आत पाय द्यावा लागतो आणि दाबलेल्या मातीत मुळं नीट वाढत नाहीत. इथे मी विटांचा खर्च मुद्दाम वाढू दिला.

आता माती. सासूबाईंचं वय 79. त्या दारात बसून ऐकत होत्या. भाजीला 9 इंच माती हवी, म्हणून भाची 120 ला 0.9 ने गुणायला लागली. ही चूक मी साईटवरच्या शिकलेल्या माणसांकडूनही होताना पाहिली आहे. फुटाचे इंच 12, दहा नव्हे. सासूबाई म्हणाल्या, "अगं, नऊ इंच म्हणजे पाऊण फूट. एकशेवीस पाऊण नव्वद." त्यांनी लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊणचे पाढे, पाठ केले होते. 3 इंच पाव, 6 इंच अर्धा, 9 इंच पाऊण, 4 इंच म्हणजे तिसरा हिस्सा, एवढं मनात ठेवलं तर कॅल्क्युलेटरची गरजच पडत नाही. मोकळ्या जागेला 3 इंच धरले, "दोनशे शहाण्णव पाव चौऱ्याहत्तर." दोन्ही मिळून 164 घनफूट. नवी माती पाणी पडलं की दबते, म्हणून मी पाव हिस्सा जादा धरते: 205 घनफूट. 100 घनफुटांची एक ब्रास, म्हणजे दोन ब्रास आणि थोडी वर.

हेच जर "सगळीकडे 9 इंच टाकू" म्हटलं असतं, आणि उक्त्या कामात असंच म्हटलं जातं, तर वाफे आणि मोकळी जागा मिळून 416, त्याचे पाऊण 312, पाव हिस्सा जादा धरून 390, म्हणजे जवळजवळ चार ब्रास. जागा तीच, खर्च दुप्पट, आणि जास्वंदीला त्याचा काही उपयोग नाही, कारण तिच्यासाठी आपण वेगळा खड्डा काढतोच.

माती आली तो दिवस मी विसरणार नाही. खानापूरकडची लाल माती, ट्रॅक्टर ट्रॉली दारात उभी. एका ट्रॉलीला एक ब्रास, 3,000 रुपये असं ठरलं होतं. भाचीने ट्रॉलीला टेप लावला. आतून लांबी साडेनऊ फूट, रुंदी साडेपाच, मातीची उंची पावणेदोन. गुणाकार 91. ड्रायव्हर म्हणाला, "अक्का, आमची ब्रास हीच बघा, सगळे हीच धरतात." वाद घातला नाही, कारण तो भागात सगळ्यांना तशीच देत होता. पण खरा दर 3,000 नसून ब्रासला 3,280 च्या आसपास पडतो हे कळलं, आणि दोन ट्रॉल्यांत 205 नव्हे, 183 घनफूटच माती मिळणार हेही. तुम्ही मात्र ट्रॉली रिकामी व्हायच्या आधी मोजा. ओतल्यावर ढिगाचं माप कोणाला लागत नाही.

तिसरी ट्रॉली बोलवावी का? इथे भाचीने समीकरण मांडलं, आणि खरं सांगते, मला तिचा फार अभिमान वाटला. वाफ्यांचे 9 इंच कमी करायचे नाहीत, म्हणजे 90 घनफूट पक्के. मोकळ्या जागेची जाडी क्ष. मग 1.25 × (90 + 296 × क्ष) = 183. क्ष आला 0.19 फूट, म्हणजे सव्वादोन इंच. तीन इंचांऐवजी सव्वादोन. चालेल का? चालेल. तिसऱ्या ट्रॉलीचे 3,000 वाचले, ते आम्ही शेणखताला आणि रोपांना वळवले.

वाटेकडे निपाणीच्या माणसाने जास्त लक्ष द्यायला हवं. तुमच्याकडची बरीचशी जमीन काळी आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. आमच्या शहापूर-वडगावच्या शिवाराकडेही हेच होतं. तिच्यावर पेव्हर, म्हणजे वाटेचे सिमेंटचे ठोकळे, थेट बसवले तर दोन पावसाळ्यांत वर-खाली होतात. म्हणून खाली मुरूम दाबून घ्यावाच लागतो. तुमच्या ठेकेदाराला विचारा: मुरूम किती इंच, दाबून की न दाबता? त्याचं उत्तर मोघम आलं तर रक्कमही मोघम आहे असं समजा.

वाट दारापासून सरळ निघावी म्हणून 3-4-5 बाजूंचा काटकोन त्रिकोण वापरा. लहान मापाने चूक दिसत नाही, म्हणून दुप्पट घ्या: भिंतीवर 6 फुटांवर खूण, वाटेच्या दोरीवर 8 फुटांवर खूण, दोन्हींमधलं तिरकं अंतर 10 आलं की काटकोन. आमच्या गवंड्याच्या गुण्यापेक्षा, म्हणजे काटकोन तपासायच्या पट्टीपेक्षा, हे जास्त अचूक आलं, कारण गुण्या दोन फुटांचा आणि वाट 24 फुटांची.

शिवाय बेळगावचा पाऊस. पाणी घराकडे वळता कामा नये म्हणून 60 फुटांना 1 फूट उतार दिला. 24 फुटांना तो 0.4 फूट, म्हणजे जेमतेम 5 इंच. हा उतार फुकट येत नाही. घराजवळ भर जास्त आणि शेवटी शून्य, अशी पाचर तयार होते. तिचं घनफळ 24 गुणिले 0.4 गुणिले 3, त्याचं निम्मं: साडेचौदा घनफूट जादा मुरूम. अंदाजपत्रकात ही पाचर सहसा नसते, आणि मग "मुरूम कमी पडला" म्हणून काम अडतं.

पेव्हर 72 चौरस फुटांना तुटफूट धरून 76 घेतले. एका दुकानदाराने चौरस फुटाला करासकट 55 रुपये दर सांगितला, दुसऱ्याने 48 आणि कर वेगळा. 18 टक्के कर धरला तर 48 चे 56 रुपये 64 पैसे होतात. मुलीच्या शेकडेवारीला हा चांगला सराव आहे.

सगळं मिळून आमचे 26,000 च्या आसपास गेले, वर अचानक निघणाऱ्या खर्चाचे दहा टक्के धरून. मातीचे 6,000, पेव्हरचे 4,180, गवंडी-मजुरांचे 5,400, बाकी मुरूम, एम सँड (दगड चुरून केलेली वाळू), विटा, शेणखत आणि रोपं. हे आमचे दर, तुमचे निपाणीत विचारून घाला. आम्ही उभं राहून काम करून घेतलं. ठेकेदार ती धावपळ करतो, तिचे पैसे त्याने घ्यावेतच. पण त्याच्याकडून प्रत्येक थराची जाडी कागदावर लिहून घ्या आणि मुलीला गुणाकार करू द्या. मग 52,000 मध्ये माल किती आणि त्याची मेहनत किती हे तुम्हालाच दिसेल.

एक शेवटचं, पाणी. तेही जाडीतच मोजायचं असतं. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 1 लिटर. उन्हाळ्यात मी रोज 5 मिलिमीटर धरते. वाफ्यांचे 120 चौरस फूट म्हणजे 11 चौरस मीटरच्या थोडं वर, 56 लिटर, चार बादल्या. हे जमतं. पण मोकळ्या 296 फुटांवर सगळी हिरवळ केली असती तर रोज 137 लिटर, म्हणजे आणखी नऊ बादल्या. एप्रिल-मेमध्ये नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा गवताला नऊ बादल्या ओतणं मला पटत नाही. भाचीला हिरवळ हवीच होती. मग तिनेच उलटा हिशेब केला: रोज दोन बादल्या परवडतात, तर किती फूट? आलं 60 च्या जवळपास. 6 बाय 10 चा तुकडा धुण्याच्या दगडाशेजारी केला आणि उरलेल्या जागेत मोगरा, अनंत आणि जास्वंद लावली. कपडे विसळलेलं शेवटचं पाणी त्या तुकड्याला जातं. मृगाच्या आधी वळीव झाला तेव्हा ते गवत धरलं.