सहल राहू द्या, आधी जुनी पॉलिसी उघडून बघा

भांडुपहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नवरा-बायको दोघं नोकरीत, हातात मिळून महिना १ लाख २७ हजार येतात, दोन मुलं शाळेत. २०२० साली वन बीएचकेसाठी एका गृहवित्त कंपनीकडून ४० लाखांचं कर्ज घेतलं. त्यातलं ३४ लाख बाकी आहे, दर साडेआठ टक्के, हप्ता ३४,७०० आणि मुदत अजून १४ वर्षं. 'लवकर कर्जमुक्त व्हायचंय' म्हणून वर्षभरापासून बाहेरचं जेवण बंद, मुलुंडला कालिदासमध्ये महिन्याला एक नाटक व्हायचं तेही बंद. आता मे महिन्यातली हिमाचलची सहल रद्द करून ते ८० हजार कर्जात भरावेत का, असा त्यांचा प्रश्न आहे. मुलांना अजून सांगितलेलं नाही.

आधी प्रश्नापुरतं उत्तर. ८० हजार आज भरलेत तर शेवटचे सात-साडेसात हप्ते वाचतील, म्हणजे २०४० ऐवजी २०३९ मध्ये मोकळे व्हाल. फायदा खरा आहे, नाकारत नाही. पण तेवढ्यासाठी मुलांची सुट्टी कापायची गरज नाही. पत्राच्या शेवटी तुम्ही जे सहज लिहून गेलात, गळती तिथे आहे.

तुम्ही लिहिता, 'तसं २०३८ चं टेन्शन नाही, तेव्हा पॉलिसीचे ३४ लाख येणार आहेत, कर्ज एका फटक्यात फिटेल असं बँकेतल्या साहेबांनी सांगितलंय.'

ताई, हे साहेब तुम्हाला भेटले २०२२ च्या मार्चमध्ये, तुम्ही लॉकर मागायला गेलात तेव्हा. म्हणाले, लॉकर हवा तर पॉलिसी घ्या! रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे लॉकरसाठी फार तर तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडायचा खर्च निघेल एवढी मुदत ठेव मागता येते. विमा त्यात कुठेच बसत नाही. तुमच्या गळ्यात मात्र वर्षाला १ लाख ४४ हजारांचा, १६ वर्षांचा हप्ता पडला आणि विमा किती, तर २० लाख.

आता त्या ३४ लाखांकडे बघू. आज कर्जबाकी ३४ लाख, पॉलिसीचे येणार ३४ लाख. आकडे इतके जुळलेले दिसले की मी सावध होतो. २०३८ उजाडेल तेव्हा तुमचं कर्ज उरलेलं असेल जेमतेम साडेसात लाख! बाकीचं तुम्हीच महिन्याच्या महिन्याला फेडलेलं असेल, व्याजासकट. आजपासून शेवटपर्यंतचे हप्ते जोडले तर ५८ लाख होतात, त्यातलं २४ लाख निव्वळ व्याज. ते वाचवायची वेळ आत्ता आहे, २०३८ मध्ये वाचवायला उरणारच काय?

शिवाय १६ वर्षांत तुम्ही भरणार २३ लाख आणि मिळणार ३४. साहेबांचा आकडा तंतोतंत खरा धरला तरी परतावा साडेचार टक्के. त्यातही बराचसा भाग बोनसचा, म्हणजे खात्रीचा नाही. एका हाताने साडेआठ टक्क्यांनी पैसे घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने साडेचार टक्क्यांनी द्यायचे, वर नाटक बंद करायचं. '८०सीसाठी उपयोगी पडते' असंही तुम्ही लिहिलंय. तुम्ही दोघंही नव्या कररचनेत आहात. तिथे ८०सीची, म्हणजे विम्याच्या हप्त्यावरची, करवजावट मिळत नाही.

मला याहून जास्त खटकलं ते दुसरंच. यजमानांना काही झालं तर विम्याचे २० लाख, समोर ३४ लाखांचं कर्ज आणि दोन मुलं. तुमच्या नावावर तर विमाच नाही, आणि घर चालतं दोन पगारांवर. आधी दोघांच्या साध्या टर्म पॉलिसी (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या) काढा, साठीपर्यंतच्या: त्यांची एक कोटीची, तुमची पन्नास लाखांची. दोघांचं मिळून वर्षाला २५-३० हजारांच्या घरात जाईल. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. वैद्यकीय तपासणीत काही लपवू नका, तंबाखू असेल तर तसं लिहा. नव्या पॉलिसी हातात आल्यावरच जुनीला हात लावा, त्याआधी नाही.

जुनीचे चार हप्ते भरून झालेत, म्हणजे ५ लाख ७६ हजार. पुढे दोन वाटा: सरेंडर करून, म्हणजे पॉलिसी मोडून, मिळेल ते घ्यायचं, किंवा पेड-अप करून पुढचे हप्ते थांबवायचे आणि २०३८ मध्ये कमी झालेली रक्कम घ्यायची. सरेंडरला माझ्या अंदाजाने तीन-सव्वातीन लाख मिळतील. माझ्या हिशेबाने दोन्ही वाटा जवळपास सारख्याच पडतात. पाचवा हप्ता भरणं मात्र दोन्हींपेक्षा महाग आहे. विमा कंपनीकडून दोन्ही आकडे लेखी मागवा, तोंडी नको.

टर्मचा खर्च वजा जाता वर्षाला १ लाख १५ हजार मोकळे होतात. ते दरवर्षी कर्जात गेले तर १४ वर्षांचं कर्ज सव्वानऊ-साडेनऊ वर्षांत संपतं. सहल न मोडता.

क्रेडिट कार्डाबद्दल तुम्ही अर्धीच ओळ लिहिलीत, 'थोडं चालूच असतं.' हे थोडं म्हणजे १ लाख १० हजार. महिन्याला साडेपाच हजार 'मिनिमम' भरता आणि त्यातले ३,८५० व्याजातच जातात. शेजारी ३ लाखांची एफडी सात टक्क्यांवर पडून आहे, आणि कार्डाला तुम्ही वर्षाला ४२ टक्के देताय. उद्याच एफडी मोडा, कार्ड शून्यावर आणा. मग त्याच तारखेला तेच साडेपाच हजार आरडीत (आवर्ती ठेवीत) टाका. वर्षाला ६६ हजार आणि वर थोडं व्याज, म्हणजे पुढच्या सहलीचा बराचसा खर्च तिथूनच निघतो. एफडीत १ लाख ९० हजार उरतील, ते तुमच्या घराला कमी आहेत. म्हणून पॉलिसीतून वाचलेलं पहिल्या वर्षीचं सगळं एफडीतच परत टाका, कर्जात दुसऱ्या वर्षापासून.

दराचंही बघा. २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) साडेसहावरून सव्वापाचवर आला आणि तुम्ही अजून साडेआठच भरताय. गृहवित्त कंपन्यांचे दर रेपोशी बांधलेले नसतात, मागितल्याशिवाय बहुतेक वेळा हलत नाहीत. दर कमी करण्याचा अर्ज द्या, दर बदलून द्यायचं रूपांतर शुल्क विचारा, नाही म्हणाले तर बँकेत कर्ज हलवायची तयारी दाखवा. एक टक्का उतरला तरी पहिल्या वर्षी ३४ हजार वाचतात. जवळपास अर्धी सहल झाली. फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व भरण्याला दंड नाही, पण भरताना हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा, असं लिहून द्या.

सरेंडरचा अर्ज गेला की साहेबांचा फोन येईलच. 'आत्ता बंद केलंत तर नुकसान होईल' म्हणतील. नुकसान झालेलंच आहे, अडीच लाखांचं, आणि ते २०२२ मध्येच झालं. तुम्ही एवढंच विचारा: त्या ३४ लाखांतले खात्रीचे किती आणि बोनसचे किती, ते बँकेच्या लेटरहेडवर सहीनिशी द्या. ते येईपर्यंत मार्चचा हप्ता भरू नका.