होडीची डागडुजी: आधी सुकवा, मग सांधा

प्रश्न: केत्तूरच्या बाजूला उजनी धरणाच्या काठावर १६ फुटी फायबरची जुनी होडी घेतली आहे. इंजिन बसतं ती मागची फळी अंगठ्याने दाबली की दबते आणि बोल्टच्या भोकातून तपकिरी पाणी झिरपतं. तळाला वीतभर चीर आहे. आधीच्या मालकाने तिच्यावर थापलेली इपॉक्सी पुट्टी सुटत आली आहे. काम घरच्या अंगणातच करायचं आहे. वरून मॅट-रेझिनचे (काचतंतूंची चटई आणि ती भिजवून घट्ट करणारा राळेसारखा द्रव) दोन थर दिले तर भागेल का?
(एक वाचक, ता. करमाळा)

उत्तर: नाही भागणार. तपकिरी पाणी म्हणजे फळीच्या आतलं प्लायवूड कुजलंय. फायबरच्या दोन पापुद्र्यांमध्ये ते बंद असतं. बोल्टच्या भोकातून पाणी आत जातं, पण बाहेर यायला त्याला वाट नसते. वरून चार थर चढवले तरी इंजिनाचा जोर त्या कुजक्या लाकडावरच येणार.

उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे पाणी उपयुक्त साठ्याच्या खाली उतरलं, की होड्या काठावर ओढलेल्याच असतात, तोच या कामाचा हंगाम. मात्र आपलं ऊन सुकवण्यासाठी वापरा, रेझिन लावण्यासाठी नाही. फळीचा आतला पापुद्रा कडेने दोन इंच सोडून ग्राइंडरने कापा आणि प्लायचा भुगा पटाशीने पूर्ण खरवडून काढा. बाहेरचा पापुद्रा शाबूत ठेवा, नव्या फळीचा साचा तोच. मग होडी किमान दोन-तीन आठवडे उघडी वाळू द्या. सुकली की नाही ते ओळखायला फूटभर पारदर्शक प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस उन्हात ठेवा. आतून थेंब दिसले तर अजून थांबा. घरच्या कामात सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. ओल्या फायबरला रेझिन वरवर चिकटतं आणि एका पावसाळ्यात पापुद्रा सुटतो.

नव्या फळीसाठी आयएस ७१० शिक्का असलेलं मरीन प्लाय घ्या. १८ मिमीचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवा. जुनी जाडी वेगळी असेल तर तिच्याशी जुळवा. प्लायच्या सगळ्या कडांना रेझिन पाजा, कारण पाणी कडेनेच शिरतं. बाहेरच्या पापुद्र्यावर रेझिनने भिजवलेल्या मॅटचे दोन थर देऊन प्लाय शिकंज्यांनी दाबून बसवा. फळी होडीला मिळते त्या कोपऱ्यात काटकोन ठेवू नका, मॅट तिथे वळत नाही आणि खाली हवा राहते. रेझिनमध्ये टाल्कम पावडर कालवून कोपरा गोल भरा. मग आतून तीन थर द्या आणि प्रत्येक थर होडीच्या बाजूंवर चार इंच चढवा. चार फूट रुंद फळीला ४५० ग्रॅमची मॅट साधारण दोन किलो आणि रेझिन पाच किलो लागतं. रेझिन आयसोफ्थॅलिक मागा, साध्यापेक्षा ते पाण्यात जास्त टिकतं.

रेझिन कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रावण) आधीच मिसळलेलंच घ्या. कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत ओतू नका, भडका उडतो. हार्डनर वजनाने १ ते २ टक्के. सोलापूरच्या उन्हाळ्यात १ टक्काच ठेवा, त्याखाली गेलात तर रेझिन कधीच पुरतं कडक होत नाही. ४० अंशांत डबा हातातच तापून घट्ट होतो, म्हणून काम पहाटे करा आणि एका वेळी पाव किलोच्या वर कालवू नका. गॉगल घालाच, हार्डनरचा एक थेंब डोळा घालवू शकतो. घासताना धुळीचा चांगला मास्क हवा, नुसता रुमाल पुरत नाही.

आता चीर. जुनी पुट्टी कणभरही ठेवू नका. तळ ५ मिमी जाड असेल तर आतून चिरेच्या दोन्ही बाजूंना ६० मिमीपर्यंत, म्हणजे जाडीच्या बारापट, उतार घासा. उतार आखूड राहिला की ठिगळ कडेने उचलतं. बाहेरून सनमाईकचा तुकडा टेकवून ठेवा, रेझिन चिकटू नये म्हणून त्याला पॅकिंग टेप लावा. जागा ॲसिटोनने पुसा, मग सगळ्यात मोठा तुकडा आधी आणि लहान नंतर, असे पाच-सहा थर द्या. उलट क्रमाने लावणारेही आहेत, पण मोठा तुकडा तळाशी असला की सगळ्या घासलेल्या भागाला एकसंध पकड मिळते आणि वरून घासताना तो कापला जात नाही. लोखंडी रोलरने हवा काढा. शेवटच्या थरात मेणाचं द्रावण घाला, नाहीतर हवेमुळे पृष्ठभाग चिकटच राहतो.

इंजिनाची भोकं थेट पाडू नका. बोल्टपेक्षा ६ मिमी मोठी पाडा, इपॉक्सीने भरा, वाळल्यावर मधोमध बोल्टच्या मापाची पाडा. एवढा एक दिवस दिला तर नवं प्लाय कुजणार नाही.

प्रश्न: लाकडी होडी लिंबाखाली दोन वर्षं पडून होती. फळ्यांमध्ये २-३ मिमी फटी पडल्यात. पुट्टी भरू का?
(एक वाचक, हिप्परगा)

उत्तर: कोरड्या फटीत कडक पुट्टी भरू नका. पाण्यात गेल्यावर फळी फुगते, पुट्टी दबत नाही, मग खिळे उपसतात. होडी सगळ्या बाजूंनी टेकवून तळावर ओली पोती अंथरा आणि दोन-तीन इंच पाणी भरून आठवडाभर ठेवा. बहुतेक फटी आपोआप मिटतील. ज्या उरतील त्यांत सुताची वात बोथट छिन्नीने ठोका आणि वरून डांबर भरा. त्याआधी दाभण टोचून प्रत्येक फळी तपासा, विशेषतः खिळ्यांभोवती काळं पडलंय तिथे. दाभण सहज आत गेलं तर ती फळी बदला. समुद्राचं मीठ बुरशीला आवरतं, गोड्या पाण्याला ते जमत नाही. म्हणून होडीत साठलेलं पावसाचं पाणी कुजण्याचं मोठं कारण.

प्रश्न: फायबरच्या होडीत थर्माकोल कोंबून वरून रेझिन मारलं तर ती बुडणार नाही ना?
(एक वाचक, टेंभुर्णी)

उत्तर: पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने थर्माकोल विरघळतो आणि आत पोकळी राहते. पीयू (पॉलियुरेथेन) फोम वापरा, किंवा घट्ट झाकणाचे २० लिटरचे रिकामे कॅन. दीडशे किलोची फायबरची होडी पाण्याखाली साधारण ५० किलो भरते, शिवाय इंजिनाचे ३०-३५. दहा कॅन सुमारे २०० किलो उचलतात, म्हणजे धरून राहणाऱ्या दोघा-तिघांनाही आधार मिळतो. कॅन तळाशी बांधू नका, पाणी भरल्यावर होडी उलटते. दोन्ही बाजूंना काठाखाली बांधा. मे २०२४ मध्ये उजनीतल्या कुगाव-कळाशी वाटेवर वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जण गेले. कॅन बांधलेत तरी माणशी एक लाइफ जॅकेट हवंच, आणि ते फळीखाली ठेवलेलं नव्हे, अंगावर.